दोष कोणाच्या मालकीचा?

१२ मे २०१७ रोजी दुपारपासून ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील संगणक एकामागून एक बंद पडू लागले. पडद्यावर खंडणीची मागणी झळकू लागली: मुदतीत पैसे भरा, नाहीतर साऱ्या नोंदी गमवाल. इंग्लंडमधील आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी एकतृतीयांशाहून थोड्या अधिक न्यासांना झळ पोचली. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयाची वाट धरावी लागली. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया मिळून १९,००० हून अधिक रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज त्या देशाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर केला. 'वॉनाक्राय' नावाची ही साथ काही दिवसांत सुमारे दीडशे देशांत पसरली.

या घटनेकडे पाहण्याची एक सोयीस्कर रीत आहे. कोणी दुष्ट बुद्धीचे चोर होते, त्यांनी दरोडा घातला, पोलिसांनी त्यांना शोधावे, एवढे म्हटले की प्रकरण संपते. परंतु दरोडेखोरांनी वापरलेली पहार कोठून आली, हे विचारले की प्रकरण संपत नाही, सुरू होते. ती पहार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडविलेली होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या प्रणालीत एक दोष असल्याचे या सरकारी संस्थेला ठाऊक होते. तिने तो निर्मात्याला सांगितला नाही, वापरणाऱ्यांना तर नाहीच. त्याचे हत्यार करून आपल्या कोठारात ठेवले. अमेरिकी वृत्तपत्रांच्या वृत्तांनुसार ते तेथे पाच वर्षांहून अधिक काळ वापरात होते आणि हत्यार चोरीला गेल्याचे कळल्यानंतरच कंपनीला खबर देण्यात आली. कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली. १४ एप्रिलला ते हत्यार चव्हाट्यावर आले. १२ मे रोजी ते रुग्णालयांवर चालले.

म्हणजे ज्या रुग्णालयाचे संगणक भेदले जाऊ शकत होते, त्याखेरीज बऱ्याच जणांना ते ठाऊक होते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. लाखो लोक ज्या यंत्रावर विसंबून आहेत, त्या यंत्रातील दोषाचे ज्ञान कोणाच्या मालकीचे? शोधणाऱ्याच्या, निर्मात्याच्या, सरकारच्या, की त्या दोषाने ज्याचे नुकसान होणार त्याच्या? हा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही. तथापि त्याचा विचार करण्यासाठी दोषाचे स्वरूप थोडे समजून घेणे आवश्यक आहे.

मोजमाप न करणारा तलाठी

संगणकाची स्मृती, म्हणजे बोलभाषेतली मेमरी, ही एका लांबलचक वहीसारखी असते. प्रत्येक कामाला तिच्यातील काही ओळी नेमून दिलेल्या असतात. नेमून दिलेल्या ओळींपलीकडचे वाचू नये, त्यांपलीकडे लिहू नये, आणि काम संपून त्या ओळी दुसऱ्याला दिल्या गेल्या की त्यांना हात लावू नये, एवढीच शिस्त. ही शिस्त मोडली की जे दोष निर्माण होतात, त्यांना स्मृति-सुरक्षेचे दोष म्हणतात.

२०१४ साली उघडकीस आलेले 'हार्टब्लीड' प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. इंटरनेटवरील संभाषण कुलूपबंद ठेवणारी 'ओपनएसएसएल' ही मुक्त आज्ञावली जगातील असंख्य संकेतस्थळे वापरीत होती. तीत एक सोय होती. एका यंत्राने दुसऱ्याला एखादा शब्द पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि समोरचे जागे आहे हे कळावे म्हणून त्याने तोच शब्द परत करायचा. दोष असा की समोरचे यंत्र लांबी मोजून पाहत नव्हते. एका अक्षराचा शब्द पाठवून चौसष्ट हजार अक्षरे मागितली, तर ते निमूटपणे तेवढी देत असे. सातबाराचा उतारा मागण्यास आलेल्या माणसाने 'माझी नोंद चौसष्ट हजार ओळींची आहे' असे सांगावे आणि तलाठ्याने न मोजता त्याच्या नोंदीखालच्या साऱ्या गावाच्या नोंदी उतरवून द्याव्यात, तसला हा प्रकार. त्या शेजारच्या ओळींत कोणाचा परवलीचा शब्द असेल, तर कोणाच्या कुलपाची किल्ली. हा दोष मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतून जगभर गेला आणि दोन वर्षे तेथे राहिला.

हे झाले मर्यादेपलीकडचे वाचणे. मर्यादेपलीकडे लिहिणे याहून घातक. विंडोजमधील उपरोक्त दोष त्या जातीचा होता. लांबीचा हिशेब चुकत असल्यामुळे लहान जागेत मोठा मजकूर ओतला जाई, तो शेजारच्या ओळींवर सांडे आणि तेथे हल्लेखोराचे हुकूम लिहिले जात. तिसरी जात सोडलेल्या खोलीची. चाळीतल्या भाडेकरूने खोली सोडली, नवे बिऱ्हाड आले, पण जुन्या भाडेकरूच्या खिशात किल्ली तशीच राहिली, तर काय होईल हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

यातले काहीच नवे नाही. अमेरिकी हवाईदलासाठी १९७२ साली तयार झालेल्या एका अहवालात या धोक्याचे वर्णन आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात एक अनुभव सांगितला होता. त्यांच्या चमूने तयार केलेल्या भाषा-प्रणालीत प्रत्येक वेळी मर्यादा तपासली जाई. वेग वाढविण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे ग्राहकांना विचारले असता सर्वांनी ती नाकारली, कारण आपल्या हातून अशा चुका किती वेळा होतात हे त्यांना ठाऊक झाले होते. भाषा रचणारे आणि वापरणारे मात्र हा धडा शिकले नाहीत, आणि अभियांत्रिकीच्या अन्य कोणत्याही प्रतिष्ठित शाखेत एवढी प्राथमिक खबरदारी न घेणे केव्हाच बेकायदेशीर ठरले असते, असे त्यांनी बजावले. ते ऐकले गेले नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी 'मॉरिस वर्म' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलीने याच जातीच्या एका दोषाचाही उपयोग करून त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रे बेजार केली.

एवढी जुनी खोड टिकते कशी? १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या 'सी' या भाषेत मर्यादा तपासण्याचे काम यंत्राकडे नाही, लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोडलेले आहे. त्या काळी स्मृती महाग होती, यंत्रे मंद होती; निवड समजण्यासारखी होती. पुढे परिस्थिती बदलली, पण जगातील पायाभूत आज्ञावली याच भाषेत व तिच्या वंशजांत लिहिली जात राहिली. दर वेळी दोष सापडला की उत्तर एकच: प्रोग्रामरने अधिक काळजी घ्यावयास हवी होती. मायक्रोसॉफ्टच्याच एका अभियंत्याने २०१९ मध्ये जाहीर केले की कंपनी दरवर्षी ज्या सुरक्षा-दोषांची दुरुस्ती करते, त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीचे असतात. २०२० मध्ये गुगलच्या क्रोमने आपल्या गंभीर दोषांविषयी जवळजवळ हाच आकडा दिला. जगातील निवडक, उत्तम पगाराच्या प्रोग्रामरांच्या हातून वर्षानुवर्षे एकाच प्रमाणात एकच चूक होत असेल, तर ती व्यक्तीची बेपर्वाई म्हणता येईल काय?

कामगार चळवळीला हा युक्तिवाद परिचित असावा. प्रेस-मशीनमध्ये बोटे तुटली की मालक म्हणे, कामगाराचे लक्ष नव्हते. चळवळीचे म्हणणे असे की माणसाचे लक्ष केव्हा ना केव्हा ढळणारच. म्हणून यंत्राला कुंपण घाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने ते कुंपण मालकाची जबाबदारी ठरविले. आज्ञावलीच्या क्षेत्रातही असे कुंपण उपलब्ध आहे. मर्यादा आपण होऊन पाळणाऱ्या भाषा आहेत. 'रस्ट' ही त्यांपैकी एक. गुगलच्या निवेदनानुसार नवे लेखन अशा भाषांत करण्याचे धोरण स्वीकारल्यावर अँड्रॉइड प्रणालीतील सुरक्षा-दोषांत स्मृति-दोषांचा वाटा २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुने सारे एकदम पाडून टाकावे लागले नाही. नवे बांधकाम नीट केले एवढेच. अर्थात या भाषांनी सर्व दोष नाहीसे होतात असे नव्हे, आणि कोट्यवधी ओळींचे जुने लेखन पुढील अनेक वर्षे आपल्यासोबत राहणार आहे. म्हणूनच दोष सापडल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न सुटत नाही.

कोणाला आधी सांगावयाचे?

दोष सापडलेल्या माणसापुढे तीन प्रामाणिक वाटा असतात. केवळ निर्मात्याला कळवून स्वस्थ बसणे, ही पहिली. सर्व जगाला एकाच वेळी सांगणे, ही दुसरी. निर्मात्याला कळवून ठरावीक मुदत देणे आणि मुदत संपताच जाहीर करणे, ही तिसरी.

पहिली वाट सभ्य दिसते. पण अनुभव असा की जाहीर होण्याची भीती नसेल, तर कंपनीला दुरुस्तीची घाई नसते. दुरुस्तीला पैसा लागतो, मौन फुकट असते. कित्येकदा दोष कळविणाऱ्यालाच वकिलाची नोटीस येते. दुसऱ्या वाटेवर निर्माता खडबडून जागा होतो, पण चोरही त्याच क्षणी जागा होतो. यातून तिसऱ्या वाटेची घडी बसली. 'मॉरिस वर्म'नंतर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झालेल्या समन्वय केंद्राने पुढे ४५ दिवसांची मुदत ठरविली. गुगलने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या 'प्रोजेक्ट झीरो' या पथकाने ९० दिवसांची. जानेवारी २०१५ मध्ये या पथकाने विंडोजमधील एक दोष मुदत संपताच जाहीर केला, तेव्हा दोनच दिवसांनी दुरुस्ती येणार होती, थोडे थांबावयास काय हरकत होती, असा मायक्रोसॉफ्टने जाहीर आक्षेप घेतला.

त्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. दोन दिवसांसाठी सामान्य वापरणाऱ्याला धोक्यात ढकलणे योग्य की अयोग्य, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. परंतु मुदत ही निर्मात्याच्या सोयीने वाढू लागली की ती मुदत राहत नाही. संपाच्या नोटिशीचेही असेच असते. तारीख पाळली जाणार नाही अशी मालकाची खात्री झाली की वाटाघाटींना अर्थ उरत नाही. माझे मत असे की दुरुस्तीपुरती गुप्तता क्षम्य आहे, आवश्यकही आहे. मात्र तिला आधी जाहीर केलेली शेवटची तारीख हवी, आणि मुदत वाढवायची झाल्यास ती कोणी, का, किती दिवसांसाठी वाढविली याची नोंद सर्वांना दिसली पाहिजे.

मुदतीइतकाच, किंबहुना तिच्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मुदतीच्या आत कोणाला कळते. हार्टब्लीडचा इतिहास येथे पुन्हा पाहावा. गुगलच्या एका अभियंत्याला आणि फिनलंडमधील कोडेनोमिकॉन या कंपनीला तो दोष स्वतंत्रपणे सापडला. ७ एप्रिल २०१४ रोजी तो जाहीर झाला. त्यापूर्वी गुगलने आपली यंत्रे दुरुस्त करून घेतली होती. क्लाउडफ्लेअर व अकामाय या मोठ्या कंपन्यांनाही आगाऊ खबर मिळाली होती. याहूला मिळाली नव्हती. कॅनडाच्या कर खात्यालाही नव्हती. दोष जाहीर झाल्यानंतर या खात्याने संकेतस्थळ बंद करेपर्यंतच्या अवधीत सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले. ज्यांचे हात वरपर्यंत पोचतात त्यांना छत्री आधी मिळाली. बाकीच्यांना पाऊस पडू लागल्यावर पावसाची बातमी मिळाली. यामागे कोणाचा कट होता असे नव्हे. गुप्त गोष्ट थोड्यांनाच सांगता येते, आणि ते थोडे कोण हे ओळखीवर ठरते. पण परिणाम तोच झाला, जो अशा ठिकाणी नेहमी होतो. रुग्णालये, सरकारी खाती, वीजमंडळे, छोट्या बँका यांना आगाऊ सूचनेच्या यादीत मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने स्थान असले पाहिजे, ही मागणी यातून निघते.

आणखी एक गोष्ट. ज्या ओपनएसएसएलवर अब्जावधी डॉलरचे व्यवहार चालत, तिच्या प्रतिष्ठानाला हार्टब्लीडपूर्वी वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत असे आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. दोष बाहेर आल्यावर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. सामायिक विहिरीचे पाणी सर्वांनी उपसायचे आणि गाळ काढण्याची पाळी आली की विहीर कोणाचीच नसते, हे गावकीतले चित्र संगणकाच्या जगातही तसेच आहे.

चौथी वाट: विक्री आणि साठेबाजी

आतापर्यंत प्रामाणिक वाटांचा विचार केला. चौथी वाट बाजाराची आहे. दोष कोणालाच न सांगता सर्वाधिक किंमत देणाऱ्याला विकणे. झेरोडियम या कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये आपले दरपत्रक उघडपणे प्रसिद्ध केले होते. अँड्रॉइड फोन मालकाच्या नकळत पूर्ण ताब्यात आणणाऱ्या दोषमालिकेस तीत २५ लाख डॉलरपर्यंत भाव होता. असा माल मुख्यत्वे सरकारांसाठी असतो. येथे दोषाचे मूल्य तो दुरुस्त न होण्यावर अवलंबून असते. दुरुस्ती झाली की माल नासला. म्हणजे आपल्या सर्वांच्या असुरक्षिततेवरच ज्याचा धंदा उभा आहे, असा हा व्यापार आहे.

त्याचा चटका आपल्याला बसला आहे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलसेवेतील एका स्मृति-दोषाचा उपयोग करून, केवळ एक कॉल करून, तो उचलला नाही तरी, फोनमध्ये 'पेगॅसस' हे हेरगिरीचे साधन घुसविले जात होते. जगभरातील सुमारे १,४०० जणांना लक्ष्य करण्यात आल्याचे कंपनीने सांगितले. त्यांत भारतातील पत्रकार, वकील आणि मानवी हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते होते; भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपींच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांचाही त्यांत समावेश होता. हे साधन विकणाऱ्या एनएसओ या इस्रायली कंपनीचे म्हणणे असे की ती केवळ सरकारांना विकते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेगॅससच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक आज्ञावली आढळली, मात्र ती पेगॅससच असे निश्चित म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले.

राष्ट्राच्या संरक्षणासाठी काही दोष गुप्त ठेवावे लागतात, असा प्रतिवाद केला जातो. त्याला उत्तर वॉनाक्रायनेच दिले आहे. एकच विंडोज शत्रूच्या कार्यालयात असते आणि आपल्या रुग्णालयातही. शत्रूसाठी राखलेले भगदाड आपल्याही भिंतीत तसेच राहते, आणि कोठाराचे कुलूप केव्हा तुटेल हे कोठारवाल्याला सांगता येत नाही. याच अमेरिकी सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्मृति-सुरक्षित भाषांकडे वळण्याचा उपदेश जगाला केला, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. उपदेश योग्यच होता. पण तो करणाऱ्याने आपले कोठार आधी दाखवावयास हवे होते. दोष जाहीर करावा की राखावा, हे ठरविण्याची अमेरिकी सरकारची लेखी पद्धती नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, ती एवढा गदारोळ झाल्यानंतरच.

आपल्याकडे काय?

हे सारे परदेशातले, असे समजण्याचे कारण नाही. वॉनाक्रायनंतर सहाच आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, युक्रेनमधून 'नॉटपेट्या' नावाची विध्वंसक आज्ञावली सुटली. इतर मार्गांबरोबर तिने याच चोरीच्या हत्याराचा वापर केला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा तिने झोपविली, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम कोलमडले. वॉशिंग्टनजवळच्या एका कोठारात लपविलेल्या दोषाचा हिशेब उरणच्या बंदरात चुकता झाला.

अशा देशात दोष सांगणाऱ्याची स्थिती काय आहे? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे दोषास्पद आहे. अप्रामाणिक हेतू जोडला गेला की ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सद्भावनेने दोष शोधून कळविणाऱ्याला या कायद्यात स्पष्ट संरक्षण नाही. हेतू काय होता याचा निवाडा पोलिसांत नाव गेल्यानंतर व्हावयाचा. जानेवारी २०१८ मध्ये आधारची माहिती अल्प पैशांत मिळते हे 'ट्रिब्यून' पत्राने दाखवून दिले, तेव्हा आधार प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यात वार्ताहराचेच नाव आले. तो दोष स्मृतीचा नव्हता, पण वृत्ती तीच. भिंतीला तडा गेला आहे असे सांगणाऱ्यालाच भिंत पाडणारा ठरवावयाचे.

सुरक्षा-दोषांचे काम पाहणारी 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था दोषांविषयी सूचना प्रसिद्ध करते आणि दोष कळविण्याची सोयही तिच्याकडे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना घडली की सहा तासांत या संस्थेला कळविणे बंधनकारक झाले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने हीच संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर नेली. भ्रष्टाचाराचे व मानवी हक्कभंगाचे आरोप एवढाच अपवाद राहिला. खालून वर माहिती सहा तासांत गेली पाहिजे. वरून खाली ती केव्हा आली, हे विचारण्याची वाट मात्र बंद. एखादा दोष संस्थेला कधी कळला, निर्मात्याला कधी कळविला, दुरुस्तीस किती महिने लागले, हे नागरिकाने हक्काने विचारू नये, असा याचा अर्थ होतो. केंद्राच्या आधी २००२ साली स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला तरी हे खटकावयास हवे.

तेव्हा मागणी काय असावी? पहिली, सद्भावनेने दोष शोधून कळविणाऱ्यास कायद्याचे स्पष्ट अभय. दुसरी, प्रत्येक दोषाला जाहीर मुदत, आणि मुदत संपल्यावर त्याच्या तारखांचा सारा इतिहास खुला. तिसरी, सरकारने दोषांची साठेबाजी करू नये. अपवाद करावयाचा तर त्याचा नियम लेखी असावा आणि संसदेला उत्तरदायी असावा. चौथी, सार्वजनिक पैशातून जी नवी आज्ञावली तयार होईल ती स्मृति-सुरक्षित भाषेत व्हावी, आणि ते शक्य नसेल तेथे कारण लिहून द्यावे. पाचवी, ज्या मुक्त आज्ञावलीवर सरकारी सेवा उभ्या आहेत तिच्या देखभालीस सरकारने नियमित पैसा द्यावा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदा करून, प्रत्यक्ष वापरात आलेल्या दोषाची खबर निर्मात्याने २४ तासांत द्यावी असे बंधन घातले आणि त्यासाठी ११ सप्टेंबर २०२६ ही तारीख ठरविली. निर्मात्यावर कायद्याने जबाबदारी टाकता येते, हे त्यावरून सिद्ध होते.

या मागण्या मुंबई-दिल्लीत कोणी मांडण्याची वाट पाहावी असे नाही. जाहीर झालेली दुरुस्ती यंत्रापर्यंत पोचली नाही तर ती व्यर्थ. वॉनाक्रायची दुरुस्ती दोन महिने आधी आली होती, पण ब्रिटनच्या रुग्णालयांतील बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर ती बसविलेलीच नव्हती. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुने आणि नवे ताडून पाहून चोरालाही दोष कळतो, म्हणून हे मधले दिवस सर्वांत धोक्याचे. आपले कार्यकर्ते सहकारी बँकांच्या, पतपेढ्यांच्या, जिल्हा परिषदांच्या आणि रुग्णालयांच्या कारभारात आहेत. पुढच्या सभेत त्यांनी तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपली यंत्रे ज्या प्रणालीवर चालतात तिला निर्मात्याकडून अजून दुरुस्ती मिळते काय? शेवटची दुरुस्ती प्रसिद्ध कधी झाली आणि आपल्याकडे बसली कधी? आपल्या यंत्रणेत दोष आढळल्यास सामान्य माणसाने तो कोणाला कळवावा, आणि कळविल्यास त्याच्यावर फिर्याद होणार नाही असे संस्था लिहून देईल काय? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.